एफ-वन दाबा, पुढं चला

"दार लावून घे," सबनीस अण्णा म्हणाले.

मी दार लावलं.

"कडी."

कडी घातली. मग अण्णांनी स्वतः उठून खिडकीचा पडदा ओढला, स्वयंपाकघराच्या दाराला क्षणभर कान लावला आणि परत येऊन माझ्या इतक्या जवळ बसले की त्यांच्या तोंडातल्या लवंगेचा वास मला आला.

"धनंजय, माझ्या माघारी कुणीतरी ह्या मशीनला हात लावतंय."

"कोण लावणार अण्णा? घरात तुम्ही दोघंच."

"तेच म्हणतोय मी."

२००६ सालचा मे महिना होता. सकाळी सहाला गेलेली लाईट साडेदहाला नुकतीच आली होती. विट्यात तेव्हा लोडशेडिंगचं वेळापत्रक लोकांना आरतीसारखं पाठ असायचं. बंद खोलीत पंखा गरम हवा ढवळत होता आणि दाराच्या फटीखाली अण्णांच्या सूनबाईंच्या पायांची सावली मला स्पष्ट दिसत होती. सावली हलत नव्हती. त्या ऐकत होत्या यात मला तरी शंका राहिली नाही.

अण्णा पाटबंधारे खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झालेले. पुण्यातल्या मुलाने वेळ घालवायला कॉम्प्युटर घेऊन दिला, जोडून मी दिला, तोच माझा धंदा, आणि त्यात ज्योतिषाचा एक प्रोग्रॅम टाकला. त्यातली प्रश्नकुंडली अण्णांनी उचलली. तिला जन्मवेळ लागत नाही. ज्या घटकेला माणूस प्रश्न विचारतो त्या घटकेची कुंडली मांडायची आणि उत्तर काढायचं. अण्णांना हाताने कुंडली मांडता येत नव्हती, आणि येते असं ते कधी म्हणालेही नाहीत. नाव टाकायचं, विषय निवडायचा, बटण दाबायचं. वेळ मशीन स्वतःच घ्यायचं आणि फलिताचा कागद प्रिंटरमधून सरसरत बाहेर यायचा. लाईट आली रे आली की अण्णांच्या ओसरीवर माणसं बसलेली असत. नारळ-सुपारीपलीकडे ते काही घेत नसत, त्यामुळे तर विश्वास आणखीच. "अण्णा चुकतील, मशीन कसं चुकंल?" असं लोक म्हणत.

आमच्या घरीही असा एक कागद होता.

फेब्रुवारीत मामेबहिणीच्या लग्नाला निघताना आईने कपाट उघडलं तर तिची बोरमाळ नव्हती. आजीकडून आलेली, जुन्या घडणीची. घर उलथंपालथं केलं. चौथ्या दिवशी आई अण्णांकडे जाऊन आली. संध्याकाळी तिने तो कागद दादाच्या हातात दिला. त्यात लिहिलं होतं, नुकसान करणारी व्यक्ती घरातलीच, स्त्री, रक्ताच्या नात्याची नव्हे, लग्नाने घरात आलेली, आणि गेलेली वस्तू दक्षिणेला गेली आहे. माझं लग्न व्हायचं होतं. आई सोडली तर लग्नाने घरात आलेली एकच, उज्ज्वला वहिनी. तिचं माहेर तासगाव, विट्याच्या थेट दक्षिणेला.

कुणी तिला चोर म्हटलं नाही. आई फक्त किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावू लागली, आणि वहिनी कपाटाच्या खोलीत गेली की आईला तिथेच काहीतरी काम निघायचं. दादा एसटीच्या वर्कशॉपमधून उशिरा येऊ लागला. एकदा मी ओसरीवर एक मशीन उघडून बसलो होतो, तर वहिनी समोर येऊन उभी राहिली.

"भावजी, तुमालाबी तसंच वाटतं का?"

माझ्या हातात स्क्रू ड्रायव्हर होता. घट्ट बसलेला स्क्रू मी आणखी घट्ट केला. ती बराच वेळ उभी होती. दुसऱ्या दिवशी ती माहेरी गेली, त्याला आता दोन महिने होऊन गेले होते.

मला तसं वाटत होतं, हे आज सांगून टाकतो. तिच्या हातची भाकरी खाताना मी तिच्या बोटांकडे बघायचो.

"बघ, पुरावा दाखवतो," अण्णा म्हणाले.

त्यांनी कीबोर्डवरचा रुमाल अलगद उचलला. सगळ्या बटणांवर टाल्कम पावडर भुरभुरली होती.

"काल रात्री टाकून ठेवली. सकाळी लाईट आल्यावर पाहतो, तर हा ठसा."

ठसा खरंच होता. एफ-वनच्या बटणावर होता, आणि तो कुणाचा असणार हे सांगायला पत्रिका लागत नव्हती.

"अण्णा, सकाळी मशीन चालू करताना एफ-वन कुणी दाबलं?"

"मी. रोज दाबतो. त्याशिवाय पुढे कुठे जातं ते?" एवढं बोलून ते थांबले, ठशाकडे पाहिलं आणि रुमाल परत टाकला. "बरं, हा माझा असेल. पण बाकीचं काय? सात महिने रोज एफ-वन दाबलं की चालू व्हायचं. कालपासून तेही नाही. आपोआप होतं का असं?"

मी बटण दाबलं. एक शिट्टी वाजली, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली आणि थांबली. तारीख-वेळ ठरलेली नाही, सेटिंग सापडत नाही, पुढे जायला एफ-वन दाबा. मी दाबलं. अक्षरं पुसली गेली आणि पुन्हा तीच आली.

तेव्हा मला दिवाळीतला फोन आठवला. अण्णा म्हणाले होते, "रोज काहीतरी इंग्रजीत विचारतंय रे." मी दुसरीकडे मोठ्या कामात होतो. मी म्हणालो होतो, "काही नाही अण्णा, आतला सेल उतरला असेल. एफ-वन दाबा, पुढं चला. येईन कधीतरी." आणि गेलो नव्हतो. शर्टाच्या बटणाएवढ्या सेलसाठी कोण उठून जातं?

मी मशीनचा डबा उघडायला घेतला. धूळ होती, एक मेलेलं झुरळ होतं, बाकी कुणी हात लावल्याची काही खूण नव्हती. तसं मी अण्णांना सांगितलं.

"तुला नाही दिसायचं," ते म्हणाले. "मला आधीच कळलंय. म्हणून तर दार लावायला सांगितलं." त्यांनी पंचांगाखालून घडी घातलेला कागद काढला आणि आवाज आणखी खाली आणला. "गेल्या आठवड्यात चालत होतं तेव्हा मी ह्याच्यावरच प्रश्न टाकला. माझ्या मशीनचं नुकसान कोण करतंय? ऐक. 'नुकसान करणारी व्यक्ती घरातलीच. स्त्री. रक्ताच्या नात्याची नव्हे, लग्नाने घरात आलेली. वागणे मोकळे, मन झाकलेले. दिशा दक्षिण.' आणि आमचं स्वयंपाकघर कुठे आहे? दक्षिणेला!"

माझा हात डब्यातच राहिला.

"मन झाकलेले" हे शब्द आमच्या कागदावर होते. आई येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक बाईला ते वाचून दाखवायची. शब्दाला शब्द तेच होते.

पहिला संशय मला अण्णांचाच आला. म्हटलं, म्हातारा एकच कागद छापून गावभर वाटतोय आणि आमच्या घराचं वाटोळं करून इथे लवंग चघळत बसलाय.

"अण्णा, तुम्ही सगळ्यांना हाच कागद देता काय?"

"काय म्हणालास?"

"आमच्या आईला दिलेल्या कागदावर हेच आहे. शब्दही बदललेला नाही. माझी वहिनी दोन महिने माहेरी बसलीय त्यापायी."

अण्णांचा चेहरा लालबुंद झाला. कपाटातून त्यांनी एक जाड फाईल काढली आणि माझ्यापुढे आदळली. "बत्तीस वर्षं सरकारी कागद सांभाळलेत मी. प्रत्येक फलिताची दुसरी प्रत इथे आहे. नावानिशी. बघ, काय बघायचं ते."

मी बघितलं. वर आमच्या आईचं नाव असलेला कागद होता, त्याच्याखाली कापडवाल्या पोरेंचा, मग कुणी शेवंताबाई, मग एका मास्तरांचा. विषय "नुकसान" असेल तिथे तीच बाई होती, तीच दक्षिण होती. नोकरीचं विचारलेल्या प्रत्येकाला परगावी योग होता. कुंडलीचे चौकोनही सारखेच, एकही ग्रह घर सोडून हललेला नाही. अण्णा माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते. पाने उलटू लागलो तसा त्यांचा श्वास मोठा ऐकू येऊ लागला.

"असं कसं होईल?" ते म्हणाले. "वेगवेगळ्या दिवशी आले हे लोक. पोरे तर पाडव्याला आला होता."

प्रत्येक कागदाच्या वरच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत तारीख आणि वेळ होती. आजवर तिकडे कुणी पाहिलं नव्हतं, सगळ्यांची नजर थेट फलितावर. मी कागद उजेडात धरला. आईचा कागद, १ जानेवारी २००२, रात्री बारा वाजून बावीस मिनिटं. पोरेंचा, १ जानेवारी २००२, बारा अठ्ठावीस. शेवंताबाईंचा, १ जानेवारी २००२, बारा एकोणीस.

मी उघड्या डब्याकडे पाहिलं. आत तो सेल चकाकत होता. मशीन बंद असताना घड्याळ चालू ठेवायचं एवढंच त्याचं काम. तो मेलेला. लाईट गेली की मशीन सगळं विसरायचं, आणि लाईट आली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचं, १ जानेवारी २००२, रात्रीचे बारा. मग अण्णा एफ-वन दाबायचे, उदबत्ती लावायचे, आणि बारा वाजून वीस-पंचवीस मिनिटांनी पहिल्या माणसाचा प्रश्न घ्यायचे. तेवढ्या मिनिटांत कुंडली काही बदलत नाही. सात महिने गावातल्या प्रत्येकाने एकाच रात्री, एकाच घटकेला प्रश्न विचारला होता, आणि मशीनने इमानाने प्रत्येकाला एकच उत्तर दिलं होतं.

हे मी अण्णांना समजावून सांगितलं. दोनदा सांगावं लागलं. मग ते खुर्चीत बसले आणि मांडीवरचे हात उलटसुलट करून पाहत राहिले.

"पोरेने धाकट्या भावजयीला वेगळं काढलं," ते म्हणाले. "चूल वेगळी केली तिची."

मी नवा सेल बसवला. सेटिंग लावलं, तारीख-वेळ घातली. मशीन एका दमात चालू झालं. दोन मिनिटांचं काम.

"एवढंच होतं?" अण्णांनी विचारलं.

"एवढंच."

"दिवाळीत मी तुला फोन केला होता."

मी पिशवी भरत होतो.

"तू म्हणालास, एफ-वन दाबा, पुढं चला. मी आपलं रोज दाबलं." ते रागावलेले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं. मग म्हणाले, "धनंजय, हे बाहेर कुणाला सांगू नकोस. तुझंही नाव निघेल त्यात."

कडी त्यांनीच काढली. "सूनबाई, चहा टाका," असं म्हणाले, पण नजर जमिनीकडे. सूनबाई, म्हणजे अमृता वहिनी, चहा न टाकता माझ्या मागोमाग फाटकापर्यंत आल्या. अण्णांच्या ऑपरेशननंतर त्यांच्या पथ्यपाण्यासाठी नवऱ्याला पुण्याला ठेवून ही बाई इथे राहिली होती.

"माझं नाव घेतलं ना त्यांनी?" त्यांनी हळूच विचारलं. "चार दिवस माझ्या हातचं पाणीसुद्धा झाकण काढून बघून पितात. काय केलंय मी?"

"काही नाही. सेल गेला होता."

"मग मला तसं त्यांनी सांगायला नको?"

ओसरीवर अण्णा पाठमोरे उभे होते. मी गाडीला किक मारली.

घरी आलो तो थेट देव्हाऱ्याकडे. आमचा कागद तिथे, कुंकवाच्या करंड्याखाली ठेवलेला. कोपऱ्यात बारा बावीस. मी आईला बसवलं आणि सगळं सांगितलं, दिवाळीच्या फोनसकट. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हंजी तारीक चुकली."

"तारीख चुकली म्हणजे सगळंच चुकलं, आई."

"आसंल बाबा. पर बोरमाळ तर गेलीच की न्हाय? मग कुनी न्हेली?"

"ते मला माहीत नाही."

"मग?" ती म्हणाली आणि कागद माझ्या हातातून घेऊन परत करंड्याखाली सारला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मी तासगावला गेलो. दादाला म्हटलं, तू चल. तो म्हणाला, "कुठल्या तोंडानं येऊ?" मला वाटलं, माझ्याकडे तोंड आहे. माझ्या खिशात पुरावा होता, तो मेलेला सेल.

वहिनीच्या वडिलांची द्राक्षबाग. बेदाण्याचा हंगाम संपत आला होता. पत्र्याच्या शेडमध्ये बायका ओळीने बसून बेदाणा निवडत होत्या, आणि त्यांच्यात वहिनी, डोक्याला टॉवेल गुंडाळून. मला बघून ती उठली नाही. शेजारचं रिकामं पोतं अंथरून म्हणाली, "बसा, भावजी. आई बऱ्या हायत न्हवं?"

"बरी आहे."

"आनि ह्ये?"

"दादा बरा आहे. वाळलाय जरा."

ती बेदाणे पसरत राहिली. मी खिशातून सेल काढून तिच्यासमोर सुपात ठेवला आणि बोलायला लागलो. आदल्या दिवशी दोघांना सांगितलेलं, त्यामुळे आता चांगलं जमलं होतं. अण्णांची पावडर, फाईल, पोरेंची भावजय, एक जानेवारी. आजूबाजूच्या बायकांचे हात थांबले. एकजण हसलीसुद्धा. वहिनीचे हात थांबले नाहीत. काड्या एकीकडे, काळा माल एकीकडे.

"म्हणजे वहिनी, तुमचं नाव कधी आलंच नव्हतं," मी म्हणालो. "चूक माझी होती. मी तेव्हाच जाऊन सेल बदलला असता तर हे झालंच नसतं. आता चला घरी."

तिने सेल उचलला, उलटा करून बघितला.

"एवढासाच असतो व्हय?"

"एवढासाच."

"भावजी, एक विचारू?"

"विचारा की."

"ह्यो चांगला असता, तारीक बरोबर असती, आनि कागदावर तरीबी माजंच आलं असतं. मग आला असता का मला न्यायला?"

शेडमध्ये पत्रा तापून कडकड वाजत होता. ती माझ्याकडे बघत होती, ओसरीवर उभी राहून बघत होती तशीच. या वेळी माझ्या हातात स्क्रू ड्रायव्हर नव्हता. मी सुपातला एक बेदाणा उचलला आणि त्याची नसलेली काडी शोधत बसलो.

मग तिने सेल माझ्या तळहातावर परत ठेवला.

"जावा आता. दीडची गाडी चुकंल."

निघताना तिने किलोभर बेदाणा पिशवीत बांधून दिला. चांगला, सोनेरी, निवडून घेतलेला.

"आईंना द्या," ती म्हणाली. "म्हणावं, दक्षिणेकडनं आलाय."

निरोप मी तसाच्या तसा सांगितला. आईने पिशवी हातात घेतली, खाली ठेवली, आणि तोंडाला पदर लावून आतल्या खोलीत गेली. रात्री मी पाहिलं तर करंड्याखाली कागद नव्हता. तो कुठे गेला हे मी तिला विचारलं नाही.

त्या पावसाळ्यात दादाने तासगाव डेपोला बदली मागून घेतली आणि तिथेच संसार मांडला. अण्णांनी ज्योतिष सोडलं. ज्यांना कागद दिले होते त्यांच्या घरी ते फाईल घेऊन एकेक करून गेले असं मी नंतर ऐकलं. मला कुणाला सांगू नको म्हणणारा तो माणूस स्वतः मात्र दारोदार सांगत फिरला. माझं नाव त्यांनी कुठेच घेतलं नाही.

बोरमाळ आजतागायत सापडलेली नाही.

वहिनी दिवाळीला येते, गौरींना येते. आईशी हसते, बोलते, पुरणपोळ्या करते. किल्ल्यांचा जुडगा आई स्वतः तिच्यासमोर ठेवते, आणि ती त्याला हात लावत नाही. कपाटाच्या खोलीतून काही आणायचं झालं, साधी चादर जरी, तरी ती दारात थांबते आणि मला हाक मारते.

"भावजी, जरा चला माझ्याबरोबर."

मी हातातलं काम टाकून उठतो, खोलीत जाऊन उभा राहतो, आणि तिने काय घेतलं ते बघतो.